लॉरीला पोळ्याचं आवतण

मित्रांनो, आधी ओळख करून देते. मी लॉरी. तुम्ही मला गोठा समजून आत डोकावलात, यात तुमची काही चूक नाही. माझ्या हौद्यात सध्या कडबा भरलेला आहे आणि बॉनेटखाली एक कोंबडी राहते. ती मला घर समजते. तिचीही चूक नाही. पण एके काळी मी धावत होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एके काळी मला थांबता येत नव्हतं. त्या दिवसांची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दोन हप्त्यांत झाला. इंजिन, चाकं आणि सांगाडा सातासमुद्रापलीकडून बोटीने मुंबईला आला, तिथून आगगाडीने नागपूरला. अंगावर कपडा असा नव्हताच. तिथल्या मस्कासाथ पेठेतल्या गणपतरावांनी मला विकत घेतलं आणि अंग बसवायला सुताराकडे दिलं. तो सुतार अतिशय कसबी होता. अडचण एवढीच, की त्याने जन्मभर फक्त बैलबंड्या केल्या होत्या. त्याने मला चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "जू कुठं बसवाचं?" जू लागत नाही, असं गणपतरावांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग वढते कोण?" इंजिन ओढतं हे त्याला पटलं नाही. त्याने माझा हौदा अगदी बंडीसारखा केला, कडेला खुंटे ठोकले आणि पुढे दोन कड्या बसवून ठेवल्या. उद्या शहाणपण सुचून कोणी बैल जुंपायचं ठरवलं, तर सोय असावी.

गणपतराव स्वतः बंड्यांचे मालक होते. त्यांच्या वाडग्यात, म्हणजे घराच्या आवारात, बैलांची दावण होती आणि तिच्या शेवटी मला जागा मिळाली. त्यामुळे माझे पहिले मित्र बैल होते. ते रवंथ करत, मी गळत असे. रात्री आमच्या सगळ्यांच्या खाली काही ना काही ओलं असायचंच.

मला दोन ड्रायव्हर होते. मोठे रुपराव आणि त्यांच्या हाताखाली मारोतराव. रुपराव बायकोसह, म्हणजे देवकीबाईंसह, वाडग्याच्याच एका खोलीत राहत. ती खोली मालकाची. नोकरी आहे तोवर खोली. मारोतरावांचं अजून नक्की काही नव्हतं. रुपराव आजारी पडले की त्यांना काम मिळे. रुपरावांची तब्येत उत्तम होती.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. काटोलकडची संत्री मी आणली, उमरेडची लुगडी आणली, एकदा एक नवरदेव आणला आणि तो वऱ्हाडासकट वेळेवर पोचला. सीताबर्डीच्या रस्त्याने जाताना लोक टांगे थांबवून बघत. घरी पाहुणे आले की गणपतराव त्यांना दावणीशी आणत, एकेका बैलाचं नाव सांगत आणि शेवटी माझ्या मडगार्डवर थाप मारून म्हणत, "अन् हे माहा सगळ्यात मोठा बैल." पाहुणे हसत. बैल हसत नसत. मला मात्र बरं वाटे.

पण मित्रांनो, कौतुक आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैलांचं गणपतरावांना सगळं कळे. कोणाच्या खुरात काटा आहे, कोणाचा खांदा सुजला आहे, कोण आज कमी खातो आहे. खांदा आलेला बैल त्यांनी कधी जुंपला नाही. जुंपा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हाकलून देत. माझ्याजवळ मात्र ते फक्त थाप मारायला येत. थाप मारल्याने लॉरीची तब्येत कळत नाही.

माझा ब्रेक मधल्या एका लोखंडी दांड्यावर चालत असे. पायाने पट्टी दाबली की दांडा ओढला जाई आणि मागची चाकं धरली जात. तो दांडा झिजला, मग तडकला. हातब्रेक होता, पण तो फार पूर्वीच निवृत्त झाला होता. रुपराव त्याला भाकरीचा रुमाल अडकवत. रुपरावांनी नवा दांडा मागितला. गणपतरावांनी दावणीजवळची एक दोरी फेकली. "सध्या बांध. पोळा झाला का पाहू."

रुपरावांनी बांधली. अमरावतीच्या रस्त्याने कोंढाळीकडे जाताना एक लांब उतार आहे, आणि उताराच्या तळाशी नाल्यावर रपटा. कठडे नाहीत, पावसाळ्यात वरून पाणी वाहतं. त्या उतारावर दोरी ताणली गेली आणि मी सुटले. रुपरावांनी सगळं अंग टाकून मला वळवलं आणि ज्वारीच्या शेतात घातलं. बांध, चिखल आणि ज्वारी यांनी मिळून मला थांबवलं. त्या अपघातात एक बुजगावणं गेलं. रुपराव खाली उतरले, त्यांनी ते परत उभं केलं, त्याचा सदरा नीट केला आणि काही वेळ त्याच्यासमोर तसेच उभे राहिले. मग माणसाच्या चालीने मला घरी आणून ते मालकांना म्हणाले, "ब्रेक होईपर्यंत मी गाडी नेत नाही जी."

गणपतराव म्हणाले, "बरं." मालक जेव्हा नुसतं 'बरं' म्हणतात, तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं.

आता पोळा आला. तुम्हाला ठाऊकच आहे, पोळ्याला बैलाला कामाला लावत नाहीत. त्या दिवशी अख्ख्या मुलखात एकही बंडी चालत नाही. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. खेळण्यांचे व्यापारी ईश्वरदास यांना कोंढाळीच्या बाजारात लाकडी बैल पोचवायचे होते आणि त्यांना फार उशिरा जाग आली होती. बंड्या बंद. मग राहिलं कोण? मी. म्हणजे असं ठरत होतं, की खऱ्या बैलांना सुटी, लाकडी बैल माझ्या पाठीवर बसून जाणार, आणि लावली जाणार फक्त मी, जिला थांबता येत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना गणपतराव वाडग्यात आले.

"रुपराव, उद्या सकाळी कोंढाळीले जाचं आहे. ईश्वरदासचा माल."

"ब्रेक होऊ द्या जी, मंग जातो."

"ब्रेक पोळ्यानंतर."

"मंग कोंढाळी बी पोळ्यानंतर."

गणपतराव जवळ आले. "आजवर गेला नाही काय तू?"

"गेलो जी. वापस बी आलो. दोन्हीत माहा हात कमीच होता."

"उतार लागला का हळू घे. देवाचं नाव घे."

"मागच्या खेपेले घेतलं होतं. देवानं बुजगावण्यावर भागवलं. या खेपेले काय मांगन, मले माहीत नाही."

"तुले भेव लागून राहिलं."

"हौ," रुपराव म्हणाले. "लागून राहिलं."

गणपतरावांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. माणसाला भित्रा म्हटलं की तो चिडतो आणि चिडून लॉरीत चढतो, असा साधारण शिरस्ता आहे. रुपराव चढले नाहीत. ते माझ्या हौद्याला टेकून उभे होते आणि मला त्यांच्या पाठीची धडधड लागत होती. ती माझ्या इंजिनाहून नियमित नव्हती.

"मंग खोली खाली कर," गणपतराव म्हणाले. "उद्याच. देवकीले सांग, बोजा बांध म्हणा."

देवकीबाई खोलीच्या दारातच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "बोजा बांधाले दोरी लागते मालक. होती ते तुमच्या ब्रेकले गेली."

दावणीशी एक गाडीवान खोकला. गणपतरावांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी माझं हँडल उचललं. त्या काळी आम्हा गाड्यांना पुढून हँडल घालून फिरवावं लागे. हँडल ज्याच्या हाती, गाडी त्याची. त्यांनी ते मारोतरावांपुढे धरलं.

"मारोत्या, तू ने. उद्यापासून गाडी तुही. खोली बी तुही."

मित्रांनो, खरं सांगते, मारोतरावांनी ते हँडल घेतलं. किती दिवसांपासून त्यांना ते हवं होतं, हे मला माहीत होतं. कोणी नसताना ते माझ्या सीटवर बसून चाक नुसतंच फिरवत. त्यांनी हँडल घेतलं, माझ्याकडे पाहिलं, रुपरावांकडे पाहिलं. रुपराव खाली बघत होते.

मारोतराव चालत गोठ्यात गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बंड्यांची जुवं सोडून, धुऊन खुंटीला टांगतात. एकदा टांगली की पोळा सरेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. तशी ती ओळीने टांगलेली होती. मारोतरावांनी शेवटच्या जुवाशेजारी माझं हँडल टांगलं आणि हात पुसले.

"हे काय?" गणपतराव म्हणाले.

"उद्या पोळा आहे जी. जू खुंटीले लागते."

"लॉरीले पोळा नसते, बे. लॉरीचा दसरा. दसऱ्याले हार घालतो ना मी तिले."

"हार घालता जी," मारोतराव म्हणाले. "ब्रेक नाही घालत."

आता दोन माणसं 'नाही' म्हणत होती. एकाची खोली गेली होती, दुसऱ्याची येता येता राहिली होती. मला काहीच म्हणता येत नव्हतं. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. बैलाला जड झालं तर तो भर रस्त्यात बसतो. शेपूट पिरगाळा, शिव्या द्या, तो बसतोच. घोडा अडतो. गाढवाबद्दल तर बोलायलाच नको. लॉरीला बसता येत नाही. हँडल मारलं की आम्ही सुरू होतो, ब्रेकला दांडा असो की दोरी. आमचं 'नाही' आमच्याजवळ नसतंच. ते चालवणाऱ्याच्या तोंडात ठेवलेलं असतं, आणि त्याने ते गिळलं की संपलं.

गणपतराव खुंटीकडे निघाले. "कोणाची गरज नाही मले. मी सोता नेतो." त्यांना लॉरी चालवता येत होती, म्हणजे सरळ. मागे घेणं ते शिकले नव्हते. आयुष्यात मागे घेण्याची त्यांना सवयच नव्हती.

तेवढ्यात घरातून त्यांच्या पत्नी वच्छलाबाई आल्या. त्यांच्या हातात ताटली होती; त्यात तूप, हळद आणि पळसाची पानं. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे आणि त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं, हे त्या घरी त्यांचं काम. 'मी सोता नेतो' हे त्यांनी दारातून ऐकलं होतं. त्यांनी दावणीच्या एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येकाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल मान हलवत. असं करत करत दावण संपली आणि त्या माझ्यापुढे आल्या.

"रुपराव भाऊ, हिचा खांदा कोणता म्हणाचा?"

रुपरावांनी थोडा विचार केला आणि पुढच्या चाकावरचं मडगार्ड दाखवलं. वच्छलाबाईंनी तिथे तूप-हळद चोळली. मला पहिल्यांदाच कोणीतरी न थापटता हात लावला होता.

"अवं, काय करून राहिली?" गणपतरावांनी खुंटीजवळून विचारलं.

"आवतन देऊन राहिली."

"लोखंडाले?"

"तुम्हीच म्हणता ना पावण्यांपुढं, सगळ्यात मोठा बैल. मंग मोठ्याले सोडून लहान्यायले बोलावू काय?" त्या माझ्या दिव्याशी वाकल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाडग्यातले सगळे गाडीवान बघत होते. आता अडचण अशी झाली, की गणपतराव वाटेल ते करू शकत होते, पण आवतण दिलेल्याला उपाशी कामावर धाडू शकत नव्हते. असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. त्यांनी हँडलकडे पाहिलं, माझ्या हळद लागलेल्या खांद्याकडे पाहिलं, आणि ते घरात निघून गेले. जाताना म्हणाले, "एक दिवस. परवा कोण नेत नाही, पाहतो." देवकीबाईंनी मग चिंधीच्या दोऱ्या वळून बोजा बांधायला घेतला. एक दिवस म्हणजे एकच दिवस, हे त्यांना कळत होतं.

पोळ्याच्या सकाळी ईश्वरदास माल घेऊन दारात आले. गणपतरावांनी त्यांना सांगितलं, "लॉरी आज येत नाही. जेवाले आहे."

"कोणाकडं?" ईश्वरदासांनी विचारलं.

"माह्याकडंच," गणपतराव म्हणाले. ईश्वरदास त्यांना तब्येतीला जपा असं सांगून निघून गेले. लाकडी बैल दारात राहिले.

बैलांना तलावावर धुवायला नेलं. मला नेता येईना, कारण नेली असती तर मी तलावातच गेले असते. पण त्या घरी रीत अशी, की आवतण दिलेल्याचे पाय धन्याने स्वतः धुवायचे. त्यात गड्याचा हात चालत नाही. वच्छलाबाईंनी पाण्याची घागर माझ्याजवळ आणून ठेवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. गणपतराव धोतर खोचून माझ्या मागच्या चाकाशी बसले.

मित्रांनो, ते बैलाचा पाय धुतात तसाच माझा धुऊ लागले. त्यांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. आधी वरून पाणी, मग हाताने चिखल काढायचा, मग पाय उचलून खूर पाहायचा. माझा पाय उचलेना, म्हणून ते स्वतःच वाकले. आणखी वाकले. शेवटी ते चिखलात उताणे झाले आणि सगळ्यात मोठ्या बैलाच्या पोटाखाली त्यांनी पहिल्यांदा डोकं घातलं.

दोरी तिथे होती. चिखलाने काळी झालेली, निम्मी उसवलेली. त्यांनी तिला बोट लावलं. ओढली नाही, नुसतं बोट लावलं. ती त्यांच्या हातात आली.

मला त्यांचा चेहरा दिसत होता. असा चेहरा मी त्यांचा फक्त एकदा पाहिला होता, एका बैलाला साप चावला तेव्हा. मग ते बाहेर आले, दोरी हातात धरून बसले.

"हे दोरी वासराले बी बांधत नाही मी," ते म्हणाले.

"वासराले तुम्ही चांगली देली होती जी," रुपराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी आपल्या नवऱ्याच्या डोक्यावर उरलेलं पाणी ओतलं. चिखल निघावा म्हणून असेल.

दुपारी मलाही नैवेद्य आला. बॉनेटवर पुरणपोळी ठेवली गेली. मी पेट्रोल पिते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाहुण्याला 'तुला हे चालतं का' असं विचारत नाहीत. शेजारच्या बैलाने मान लांब करून माझीही खाल्ली. मी हरकत घेतली नाही.

जेवणं झाल्यावर गणपतराव रुपरावांच्या खोलीसमोर येऊन उभे राहिले. माफी वगैरे ते मागत नसत. त्यांनी दारातल्या गाठोड्यांकडे पाहिलं.

"बोजा बांधला काय?"

"बांधला जी."

"सोड." मग ते म्हणाले, "परवा मिस्त्रीले बोलाव. नवा दांडा टाकू."

"परवा काहून? उद्याच बोलावतो."

"उद्या मारबतीची मिरवणूक आहे, लेका. सारं नागपूर रस्त्यावर राहीन. मिस्त्री सापडन काय?"

कोंढाळीला त्या वर्षी लाकडी बैल गेले नाहीत. तिथल्या पोरांनी नेहमीसारखे मातीचे केले आणि तान्हा पोळा व्हायचा तसा झाला. ईश्वरदास पुढे कित्येक दिवस गणपतरावांशी बोलले नाहीत. नुकसान त्यांचं झालंच होतं, ते मी नाकारत नाही. मारोतरावांनाही खोली मिळाली नाही. एवढंच, की त्यानंतर सीटवर बसून ते चाक फिरवायचे, तेव्हा रुपराव शेजारी बसून त्यांना शिकवायचे.

नवा दांडा बसल्यावर आम्ही त्याच उतारावर गेलो. अर्ध्या उतारावर रुपरावांनी काही कारण नसताना पट्टी दाबली. मी थांबले. मागे माल, पुढे उतार, खाली रपट्यावरून वाहणारं पाणी, आणि मी मधोमध उभी. कोणी पाहायला नव्हतं. धावणाऱ्या गाडीकडे लोक टांगे थांबवून बघतात, थांबलेल्या गाडीकडे कोणी बघत नाही. रुपरावांनी स्टिअरिंगवरून हात काढले, मांडीवर ठेवले, आणि आम्ही दोघं थोडा वेळ तिथे नुसते थांबून राहिलो. एवढं सुख मला धावण्यात कधी झालं नाही.

मित्रांनो, तुमच्या आसपासही माझ्यासारख्या पुष्कळ मुक्या वस्तू आहेत. विहिरीचा रहाट आहे, जत्रेतला पाळणा आहे, नदीवरची नाव आहे. आम्हाला हार घाला, नको म्हणत नाही. पण वर्षातून एकदा धोतर खोचून आमच्या पोटाखालीही बघा. आणि एखादा चालवणारा म्हणाला, "आज मी नेत नाही," तर त्याला भित्रा म्हणायची घाई करू नका. ते कदाचित त्याचं बोलणं नसेल. आमचं असेल. आधी घागरभर पाणी घ्या, आणि चाकाशी खाली बसा.